हातमोजे कोणी घालायचे? ‘साइनअलाउड’ प्रकरणाचा अभ्यास

एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नाविद अझोदी आणि थॉमस प्रायर या पदवीच्या दोन विद्यार्थ्यांना लेमेल्सन-एमआयटी विद्यार्थी पारितोषिक जाहीर झाले. पारितोषिकाची रक्कम १०,००० डॉलर होती आणि ज्या उपकरणासाठी ते मिळाले त्याचे नाव ‘साइनअलाउड’ असे होते. ही हातमोज्यांची एक जोडी होती. ती घालून अमेरिकन सांकेतिक भाषेतील खूण केली, की संगणकाला जोडलेल्या ध्वनिवर्धकातून त्या खुणेचा इंग्रजी शब्द ऐकू येत असे. विद्यापीठाने बातमी प्रसिद्ध केली, चित्रफीत फिरू लागली आणि काही दिवसांतच जगभरच्या वृत्तमाध्यमांनी कर्णबधिरांना ‘आवाज’ देणारे उपकरण म्हणून त्याचे कौतुक केले. त्यानंतर थोड्याच काळात त्याच विद्यापीठातील अध्यापकांनी या प्रकल्पाविषयी, आणि विशेषतः विद्यापीठाने त्याच्या केलेल्या वर्णनाविषयी, खुले पत्र लिहून हरकत घेतली.

दोन हुशार आणि सद्हेतू असलेले विद्यार्थी, नामांकित पारितोषिक, काम करून दाखवणारे यंत्र, आणि तरीही ज्यांच्यासाठी ते केले असे सांगितले गेले त्यांच्यातूनच आलेली तीव्र नापसंती, असे हे प्रकरण आहे. यंत्र कच्चे होते म्हणून हे घडले असते तर त्याचा अभ्यास करण्याचे कारण नव्हते; विद्यार्थ्यांची पहिली प्रतिकृती कच्चीच असते. इथली चूक यंत्राच्या आधीची, म्हणजे अडचण नेमकी कोणाची आणि कोणती हे ठरवतानाच झालेली होती, असे माझे मत आहे.

उपकरणाची रचना

मोज्यांत बसवलेले संवेदक (सेन्सर) हाताची स्थिती आणि हालचाल टिपत असत. ही माहिती ब्लूटूथद्वारे संगणकाकडे जाई, तिथे ती साठवलेल्या नमुन्यांशी सांख्यिकी पद्धतीने ताडून पाहिली जाई आणि जुळणी झाली की ठरलेला शब्द किंवा वाक्यांश उच्चारला जाई. हे मोजे हलके आहेत, श्रवणयंत्र किंवा कॉन्टॅक्ट लेन्ससारखे रोज वापरता येतील, अशी निर्मात्यांची मांडणी होती. संवाद हा मूलभूत मानवी हक्क आहे या भूमिकेतून आपण हे काम केले, असेही त्यांनी सांगितले होते, आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही.

रचना पाहिली तर मर्यादाही दिसते. असे यंत्र एका वेळी एक सुटी खूण ओळखते. सलग बोलण्यात मात्र एक खूण संपते कुठे आणि दुसरी सुरू होते कुठे, हे ठरवणे हीच पहिली अडचण असते, कारण हात एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जाताना जी हालचाल होते ती कोणत्याच शब्दाची नसते आणि शेजारच्या दोन्ही खुणांचा आकार तिच्यामुळे थोडा बदलतो. सुट्या शब्दांच्या यादीवर चांगले चालणारे यंत्र दोन माणसांच्या संभाषणात उतरले की अडखळते ते याच ठिकाणी. चित्रफितीत हे कळत नाही, कारण प्रात्यक्षिकात माणूस यंत्राच्या सोयीने थांबत थांबत खुणा करतो.

तेहतीस वर्षांची वंशावळ

साइनअलाउड नवे होते, पण त्यामागची कल्पना जुनीच होती. बेल लॅब्जमधील गॅरी ग्राइम्स यांच्या नावावर १९८३ साली संवेदक बसवलेल्या एका हातमोज्याचे अमेरिकी पेटंट नोंदले गेले. त्यात बोटांनी अक्षरे दाखवण्याची पद्धत संगणकात मजकूर भरण्यासाठी वापरली होती. कर्णबधिर माणूस त्या योजनेच्या केंद्रस्थानी नव्हता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स क्रेमर आणि लॅरी लायफर यांनी ‘बोलणाऱ्या हातमोज्या’वर काम केले. २००२ साली कोलोरॅडोतील रायन पॅटरसन या शाळकरी मुलाने गोल्फच्या हातमोज्यात संवेदक बसवून बोटांनी दाखवलेली अक्षरे छोट्या पडद्यावर उमटवली आणि इंटेलच्या राष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. एका खाद्यगृहात कर्णबधिर ग्राहक दुभाष्यामार्फत पदार्थ मागवत असल्याचे पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. (त्या प्रसंगी ग्राहकांची सोय झालेलीच होती, ही गोष्ट कौतुकाच्या भरात निसटली.) २०१२ मध्ये युक्रेनच्या विद्यार्थ्यांच्या चमूने ‘इनेबलटॉक’ नावाच्या हातमोज्यांसाठी सिडनीत झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या इमॅजिन कप या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला.

म्हणजे हा मोजा दर काही वर्षांनी नव्याने शोधला जातो, त्याला बक्षीस मिळते, बातम्या होतात आणि पुढे तो कोणा कर्णबधिर माणसाच्या हातात रोजच्या वापरासाठी दिसत नाही. इतक्यांदा बक्षीस मिळवून एकदाही न रुजलेली दुसरी कल्पना सहज आठवत नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर ऐकू येणाऱ्या लोकांच्या रोजच्या हातवाऱ्यांत सापडते. आपण समोरच्याला लांबून ‘जेवलास का’ असे विचारायचे तर बोटे जुळवून तोंडाकडे नेतो, नको म्हणायला हात हलवतो, चालत्या गाडीतून रस्ता विचारताना तळहात उघडतो. हे हातवारे बोलण्याच्या सोबतीला येतात किंवा बोलणे शक्य नसेल तेथे एखाद्या शब्दाची जागा घेतात, आणि त्यातील प्रत्येक हातवारा सुटा असतो. त्यामुळे खुणांची भाषा म्हणजे अशाच हातवाऱ्यांचा मोठा साठा असणार, एका खुणेला एक शब्द असणार आणि तो शब्द हातातच असणार, असे आपण न तपासता धरून चालतो. एकदा हे गृहीत धरले की मोजा हेच उत्तर दिसू लागते.

मोज्याबाहेर राहिलेली भाषा

हे गृहीतक चुकीचे असल्याचे भाषाशास्त्राला १९६० पासून माहीत आहे. त्या वर्षी वॉशिंग्टन शहरातील कर्णबधिरांसाठीच्या गॅलाडेट महाविद्यालयात, म्हणजे आजच्या गॅलाडेट विद्यापीठात, इंग्रजी शिकवणारे विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेच्या रचनेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रत्येक खूण हाताचा आकार, ती करण्याची जागा आणि हालचाल अशा घटकांत मोडता येते, आणि हे घटक बोलल्या जाणाऱ्या भाषांतील ध्वनींसारखे काम करतात, हे त्यांनी दाखवले. तळहाताची दिशा आणि चेहरा व शरीर यांचा सहभाग हे घटक पुढच्या संशोधनाने त्यात जोडले.

शेवटचा घटक इथे निर्णायक आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेत हो-नाही अशा उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. ‘कोण’, ‘काय’, ‘कुठे’ अशा प्रश्नांत त्या खाली येऊन आकसतात. हातांनी तेच विधान करून फक्त मान नकारार्थी हलवली तरी वाक्य नकारार्थी होऊ शकते. ‘उशीर झाला’ आणि ‘अजून झाले नाही’ या दोन अर्थांसाठी हाताची हालचाल एकच असते. दुसऱ्या अर्थाच्या वेळी जिभेचे टोक किंचित बाहेर येते. मोजा घातलेल्या माणसाने यांपैकी काहीही केले तरी ध्वनिवर्धकातून एकच शब्द येणार. म्हणजे प्रश्नाचे विधान होणार, नकाराचा होकार होणार, आणि समोरच्याला काही चुकले आहे याचा पत्ताही लागणार नाही. मराठी मजकुरातील काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळे पुसून उरलेली अक्षरे कोणी मोठ्याने वाचून दाखवावीत आणि त्याला भाषांतर म्हणावे, तसाच हा प्रकार आहे.

चेहरा जोडून घेतला तरी अवकाशाचा प्रश्न उरतो. खुणांनी बोलणारा माणूस आपल्या समोरच्या जागेत व्यक्ती आणि वस्तू ‘ठेवतो’. डावीकडे बहीण, उजवीकडे डॉक्टर असे एकदा ठरले, की पुढे त्या जागेकडे बोट करणे हे सर्वनाम होते. ‘देणे’ या क्रियेची खूण डावीकडून उजवीकडे गेली तर बहिणीने डॉक्टरला दिले, आणि उलट गेली तर डॉक्टरने बहिणीला दिले असा अर्थ होतो. मराठीत जे काम ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय करतात ते इथे दिशा करते. वाहन, माणूस, सपाट वस्तू यांच्यासाठी ठरलेले हाताचे आकार वापरून एखादा अपघात जेव्हा सांगितला जातो, तेव्हा वाहनांचा वेग, वळण आणि टक्कर हे सारे एकाच वेळी दाखवले जाते. अशा वाक्याचे शब्दांच्या यादीत रूपांतर होत नाही. त्याचे इंग्रजी करायचे तर वाक्य नव्याने रचावे लागते, आणि ते काम दोन्ही भाषा जाणणारा दुभाषी करतो.

खुले पत्र

विद्यापीठाच्या वृत्त विभागाला उद्देशून लिहिलेल्या या पत्रावर लान्स फोर्शे, क्रिस्टी विंटर आणि एमिली बेंडर यांची नावे होती. फोर्शे स्वतः कर्णबधिर असून विद्यापीठाच्या अमेरिकन सांकेतिक भाषा अभ्यासक्रमाचे प्रमुख होते, तर बेंडर तिथल्याच भाषाशास्त्राच्या प्राध्यापक. पत्राचा पहिला मुद्दा भाषेविषयीचा, म्हणजे वर सांगितलेलाच होता: हातांवर लक्ष केंद्रित करणारे हे उपकरण सांकेतिक भाषेचे स्वरूपच चुकीचे समजून घेते, म्हणून त्याला भाषांतर म्हणू नये.

दुसरा मुद्दा दिशेचा होता आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. मोजे चालले तरी ते कर्णबधिर माणसाचे म्हणणे ऐकू येणाऱ्यापर्यंत नेतात; ऐकू येणारा काय उत्तर देतो ते कर्णबधिर माणसापर्यंत पोहोचवण्याची त्यात काही सोय नाही. त्यामुळे उपकरणाचा लाभ मुख्यतः ज्याला खुणा येत नाहीत त्याला होतो, आणि ते विकत घेण्याचा, सोबत बाळगण्याचा, रोज हातात चढवण्याचा भार मात्र कर्णबधिर माणसावर येतो. तो तर आधीच लिहून, टंकून, ओठ वाचून, व्हिडिओवरच्या दुभाष्याला बोलावून आपला व्यवहार चालवत असतो. खुणा न येणे ही ऐकू येणाऱ्याचीही अडचण आहे, असे मानले असते तर मोजे कोणी घालायचे हा प्रश्न निदान विचारला गेला असता.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. अमेरिकेत १९९०च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार परिणामकारक संवादासाठी गरज असेल तेथे रुग्णालयाला स्वतःच्या खर्चाने दुभाष्याची सोय करावी लागते. काही डॉलरचे मोजे ‘भाषांतर’ करतात असे एकदा रूढ झाले, की खर्च टाळू पाहणाऱ्या व्यवस्थापनाच्या हाती एक सबब येते. डॉक्टरला औषधाची मात्रा समजावून सांगायची आहे आणि खोलीत दुभाष्याऐवजी मोजे आहेत, अशी कल्पना केली की या शंकेचे गांभीर्य ध्यानात येते.

मग दोष कोणाचा? मी त्यातला मोठा वाटा विद्यार्थ्यांकडे देणार नाही. विद्यापीठात सांकेतिक भाषा शिकवणारा विभाग होता. बातमी लिहिणाऱ्यांना किंवा प्रकल्पाला जागा देणाऱ्यांना तिथे विचारणा करता आली असती. फोर्शे यांची खंतही नेमकी हीच होती, की आपल्या भाषेविषयी बोलताना आपल्याला कोणी विचारले नाही. पारितोषिक देणाऱ्यांनी हे वापरणाऱ्यांपैकी कोणी पाहिले आहे का, एवढे विचारले असते तरी पुरे होते. वृत्तमाध्यमांचा तर प्रश्नच नाही. त्यांना चित्रफीत मिळाली होती.

त्याच विद्यापीठातला दुसरा प्रयत्न

या प्रकरणाला धार येते ती त्याच विद्यापीठात आधी झालेल्या एका कामामुळे. संगणकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड लॅडनर यांचे आईवडील दोघेही कर्णबधिर होते. त्यांनी आणि ईव्ह रिस्किन यांनी सहकाऱ्यांसह ‘मोबाइलएएसएल’ (एएसएल म्हणजे अमेरिकन सांकेतिक भाषा) हा प्रकल्प चालवला. त्यांनी घेतलेला प्रश्न साधा होता: त्या काळच्या संथ मोबाइल जाळ्यावर दोन कर्णबधिर माणसांना एकमेकांशी आपल्या भाषेत बोलता येईल का? चित्र पाठवायचे तर विदा (डेटा) फार लागत होती आणि बॅटरी लवकर संपत होती.

उत्तर शोधताना त्यांनी खुणांनी बोलणाऱ्यांची नजर कुठे असते याचा आधार घेतला. ती नजर हातांवर नसून मुख्यतः चेहऱ्यावर असते. हात कडेच्या दृष्टीने टिपले जातात. म्हणून चित्राचे आकुंचन करताना चेहरा आणि हात यांचा भाग स्पष्ट ठेवायचा आणि मागची भिंत धूसर झाली तरी चालवून घ्यायची, तसेच माणूस खुणा करत नसेल तेव्हा चित्रातील चौकटींची (फ्रेमची) गती उतरवून बॅटरी वाचवायची, असा मार्ग त्यांनी काढला. २०१० मध्ये विद्यापीठातील उन्हाळी वर्गाला आलेल्या कर्णबधिर विद्यार्थ्यांनी हे फोन प्रत्यक्ष वापरून पाहिले. इथे यंत्राला भाषा कळण्याची गरजच ठेवलेली नव्हती. भाषा माणसांना येत होती. यंत्राने फक्त वाट मोकळी करायची होती.

त्याही आधीचे उदाहरण रॉबर्ट वाइटब्रेख्ट यांचे आहे. हे कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी १९६४ साली जेम्स मार्स्टर्स हे दंतवैद्य आणि अँड्र्यू सॅक्स हे व्यावसायिक, दोघेही कर्णबधिर, यांच्यासह टंकयंत्रे टेलिफोनला जोडण्याची युक्ती प्रत्यक्षात आणली. कंपन्यांनी मोडीत काढलेली अवजड टेलिटाइप यंत्रे घरी आणून कर्णबधिर कुटुंबे त्यांवर एकमेकांशी टंकून बोलू लागली. यंत्र बोजड होते, आवाज करणारे होते आणि देखणे तर मुळीच नव्हते, पण संवाद दोन्ही बाजूंनी होत होता आणि ते कित्येक दशके वापरले गेले.

साइनअलाउडनंतरही मोजे थांबले नाहीत. २०२० मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ताणल्या जाणाऱ्या संवेदकांचे हलके मोजे सादर केले. ६६० नमुन्यांवर ९८.६३ टक्क्यांपर्यंत अचूकता आणि एका सेकंदापेक्षा कमी वेळ असा त्यांचा दावा होता. चेहऱ्यावरील भाव टिपण्यासाठी त्यांनी भुवयांच्या मध्ये आणि ओठांच्या कडेला चिकटवायचे संवेदकही वापरून पाहिले. चेहरा सुटला या टीकेला चेहऱ्यावरही यंत्र चिकटवणे हे उत्तर मिळावे, यावरून टीकेतला दिशेचा मुद्दा अजून पोहोचलेला नाही असेच दिसते. खरे तर अझोदी आणि प्रायर यांनीच आपल्या मोज्यांचे आणखी काही उपयोग सुचवले होते: पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत मिळवणाऱ्या रुग्णांची प्रगती मोजणे आणि आभासी वास्तवात हाताने नियंत्रण करणे. तेथे हाताची हालचाल मोजणे हेच काम असते, त्यामुळे मोजा आपल्या जागी शोभतो. पण त्या उपयोगांची बातमी झाली नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत असा हातमोजा किंवा कॅमेऱ्यापुढील खुणा ओळखणारी प्रणाली हा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा ओळखीचा विषय आहे. त्यासाठी इंटरनेटवर सहज मिळणारे विदासंच बहुधा अमेरिकन अक्षरांचे असतात. ‘साइन लँग्वेज एमनिस्ट’ या प्रसिद्ध संचात २६ पैकी २४ च अक्षरे आहेत. जे आणि झेड दाखवताना हात हलवावा लागतो, आणि स्थिर छायाचित्रात हालचाल येत नाही, म्हणून ती वगळलेली आहेत. इंग्रजी अक्षरे भारतीय सांकेतिक भाषेत दोन्ही हातांनी, ब्रिटिश पद्धतीच्या जवळ जाणाऱ्या खुणांनी दाखवतात. अमेरिकन अक्षरे एका हाताची आहेत. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात तयार झालेला असा प्रकल्प परीक्षकांसमोर उत्तम चालूनही शेजारच्या कर्णबधिर शाळेतील मुलाला उपयोगाचा नसतो. शिवाय अक्षरे दाखवणे म्हणजे भाषा बोलणे नव्हे. ती प्रामुख्याने नावे आणि परके शब्द यांच्यासाठी वापरली जातात. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरणही निराळे आहे: प्रश्नवाचक खूण आणि नकाराची खूण साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतात, आणि या मांडणीचा अमेरिकन संचात मागमूसही नसतो.

हे टाळण्याची साधने आज उपलब्ध आहेत. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या दृश्य शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० नोंदी आहेत. प्रकल्पाचा विषय मंजूर करण्याआधी मार्गदर्शकाने विद्यार्थ्यांना जवळच्या कर्णबधिर संघटनेत पाठवले, तर बहुधा मोज्याचा विषयच बदलेल. तिथे मागणी निघेल ती रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणा पडद्यावर अक्षरांत दिसाव्यात अशी, ऑनलाइन वर्गात दुभाष्याची चौकट मोठी करता यावी अशी, किंवा गावातल्या दवाखान्यातून शहरातल्या दुभाष्याला व्हिडिओवर जोडता यावे अशी. यात चमत्कार नाही, त्यामुळे बक्षिसाची शक्यताही कमी.

सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दूरदृश्य पद्धतीने सर्वोच्च न्यायालयासमोर उपस्थित राहिल्या. त्यांच्या दुभाष्याला पडद्यावर जागा द्यायला नियंत्रण कक्ष प्रथम तयार नव्हता. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने परवानगी दिली आणि कामकाज खुणांमध्ये त्यांच्यापर्यंत पोहोचू लागले. दुभाषी तिथे आधीपासून हजर होता, भाषाही होती आणि तंत्रज्ञान म्हणजे न्यायालयात रोज वापरली जाणारी व्हिडिओची सोय होती. अडून राहिली होती ती फक्त एक चौकट उघडण्याची परवानगी.